मशीन शिकताय, तर अक्षरही शिका

'सीएनसी शिकायचंय' असं म्हणणारी मुलं आता आपल्याकडे दिसू लागली आहेत. कुणी दहावीनंतर, कुणी आयटीआय करून, कुणी दुकानात मदतनीस म्हणून लागल्यावर. चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्याशी बोलल्यावर लक्षात येतं की शिकायचंय म्हणजे मशीन चालवायचीय. शीट लावायची, पेनड्राईव्हमधली फाईल उघडायची, स्टार्ट दाबायचं. हे काम पंधरा दिवसांत येतं, आणि पंधरा दिवसांत येणाऱ्या कामाला पगारही तेवढाच मिळतो. माझं म्हणणं असं आहे की या धंद्यातली खरी कमाई मशीनच्या आधीच्या टेबलावर आहे, जिथे अक्षर तयार होतं. आणि मराठी व उर्दू दोन्ही वाचणाऱ्या आपल्या मुलामुलींची तिथे खास गरज आहे.

ज्यांनी मशीन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण चार बाय आठ फुटांचा टेबल, त्यावर एसीपी, अॅक्रिलिक, सनबोर्ड किंवा एमडीएफची शीट. वर वेगाने फिरणारा स्पिंडल, त्यात कापणारं बिट. कॉम्प्युटरवर काढलेल्या रेषेवरून ते बिट आडवं, उभं आणि खाली-वर फिरतं. रेषा जशी असेल तसं ते कापतं. चुकलेली रेषाही तितक्याच इमानदारीने कापतं.

आणि रेषा चुकते कुठे? मराठी टाईप केलं आणि ते तसंच कटिंगला दिलं, तर बऱ्याच फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी असते, एकावर एक चढलेली. डोळ्यांना ती सलग दिसते, मशीनला दिसत नाही. ती जोडावर काप घेते आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. म्हणून सगळी अक्षरं आधी एका आकारात जोडून घ्यावी लागतात. हे एकदा केलं की देवनागरीची गंमत कळते. इंग्रजी शब्द अॅक्रिलिकमधून कापला की प्रत्येक अक्षर सुटं पडतं, ते मोजून, ओळीत चिकटवावं लागतं. मराठी शब्द मात्र शिरोरेघेला लटकून अखंड बाहेर येतो. सुटा राहतो तो अनुस्वार. तो भुशात हरवला की 'चिंता'ची 'चिता' होते, आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही.

बिटची जाडीही विसरून चालत नाही. सहा मिलिमीटरचं बिट आतल्या कोपऱ्यात शिरलं की तीन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतंच, आणि सहापेक्षा अरुंद फट त्याला कापताच येत नाही. जोडाक्षरांच्या बारीक जागा तिथेच बुजतात. मग बारीक बिट घ्यायचं, की अक्षर मोठं करायचं, की व्ही आकाराच्या बिटने कोरायचं? हा निर्णय डिझाईन करणाऱ्याचा असतो. एसीपीमधून अक्षर आरपार कापून मागून लाईट द्यायचा असेल, तर 'व' आणि 'ठ' यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात. ते सांभाळून ठेवायचे आणि मागच्या अॅक्रिलिकवर जागच्या जागी चिकटवायचे. अॅक्रिलिकवर बिट जोरात फिरवलं आणि पुढे मात्र हळू सरकवलं, तर ते कापत नाही, वितळतं. हे सगळं दोन-चार शीट वाया घालवल्यावर येतं. वाया गेलेल्या शीटची लाज बाळगू नका, पण चष्मा आणि मास्क पहिल्या दिवसापासून लावा. एमडीएफची धूळ छातीत जाते.

आता उर्दूकडे येऊ. एका दवाखान्याची पाटी मी पाहिली होती. मराठी ठीक, इंग्रजी ठीक, खाली उर्दू ओळ सुट्या अक्षरांत आणि उलट क्रमाने. डिझाईन करणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला उर्दू उजवीकडून चालते आणि अक्षरं एकमेकांना जोडली जातात हे माहीत नव्हतं. डिझाईन करणाऱ्यालाही नव्हतं, आणि मशीन चालवणाऱ्यालाही. त्यातला एक आपलाच मुलगा होता, ज्याला घरी उर्दू शिकवली होती. त्याने पाहिलं नाही, कारण फाईलमध्ये काय लिहिलंय ते पाहणं हे आपलं काम आहे असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नस्तालीकमध्ये नुक्ते वर-खाली विखुरलेले असतात. एक नुक्ता पडला की 'दगा'ची 'दुआ' होते, आणि चुकून एक चिकटला की उलट.

हा प्रश्न फक्त पोटापाण्याचा नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होतं. त्यावर आक्षेप घेतला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने ती उर्दू ओळ कायम ठेवली. मराठीसोबत उर्दू वापरायला राज्याच्या 2022च्या राजभाषा कायद्यात मनाई नाही आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं स्पष्ट केलं. आपण तो निकाल आनंदाने शेअर केला. दुसरीकडे, दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत हव्यात आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम 2022च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही लागू झाला. सप्टेंबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्यावर मात्र आपल्यातले काही जण कुरकुरले. का? मराठी आपलीही आहे. पहिला निकाल आपला आणि दुसरा त्यांचा, अशी वाटणी करणं मला पटत नाही. दोन्ही निकालांना शेवटी शुद्ध, वाचता येईल अशी पाटी लागते, आणि ती कुणीतरी बनवावी लागते.

मशीन विकत घ्यायची घाई करू नका. ती लाखांत जाते, व्याजाच्या कर्जाला आपल्या बऱ्याच घरांत हरकत असते, आणि हरकत नसली तरी कामाशिवायचं कर्ज बुडवतंच. डिझाईनला कॉम्प्युटर पुरतो. फाईल तयार करा, दुसऱ्याच्या मशीनवर जॉब वर्कने कापून घ्या, पण कापताना तिथे उभे राहा. घरातल्या मुलींनाही हे काम येऊ शकतं असं म्हणताना आपण लगेच 'घरबसल्या' हा शब्द जोडतो. डिझाईन घरून होईलही, पण वर्कशॉपमध्ये न जाता बिट आणि शीट कळत नाही. मुलगी आठवड्यातून दोन दिवस तिथे गेली तर मोहल्ला काय म्हणेल, याची चिंता आधी आई-वडिलांनी सोडावी.

आणि शिकवणारा शोधायला फार लांब जायला नको. ब्रशने पाट्या रंगवणारे पेंटरचाचा अजून बऱ्याच गावांत आहेत. फ्लेक्स आलं आणि त्यांचं काम गेलं. त्याआधी कॉम्प्युटरवरच्या उर्दूने कातिबांचं गेलं होतं. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' कसा असतो, 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत काय फरक आहे, लांबून वाचायला दोन शब्दांत किती जागा हवी, हे त्यांच्या हातात आहे. त्यांना मशीनची भीती वाटते, तुम्हाला अक्षराची. महिनाभर एका टेबलावर बसा. त्यांना चहा पाजा, आणि जमलं तर फीसुद्धा द्या.

सरावाला पहिलं काम हवं असेल तर मशिदीच्या दारावरची पाटी बघा. बहुतेक ठिकाणी ती उर्दू आणि इंग्रजीत असते. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला ती वाचता येतेच असं नाही. ट्रस्टींकडे जा, मराठी ओळीचा नमुना सनबोर्डवर कापून न्या, साहित्याचा खर्च तेवढा मागा. नाही म्हणाले, तर शेजारच्या जमातखान्यात विचारा.