रस्ता कुणाचा?

मोर्चाने वाहतूक खोळंबली की अमेरिकेतील आपले काही बांधव संतापतात. घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर परक्याने मोटार उभी केली तरी त्यांचा तसाच संताप होतो. रस्ता आपल्याच मालकीचा, ही भावना दोन्हींच्या मुळाशी आहे, असे आम्हांस वाटते.

१९२४ साली वायकोम येथे मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालता यावे, एवढ्यासाठी सत्याग्रह करावा लागला, याचा विसर आपणांस तरी पडू नये.

७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर पोलिसांनी कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांना झोडपले. मतदानाचा हक्क हीच त्यांची मागणी होती. पुढे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी माँटगोमेरीपर्यंतच्या महामार्गावरून मोर्चास परवानगी दिली. अन्याय जितका मोठा, तितका निषेधाचा हक्क व्यापक, हे तत्त्व त्यांनी मान्य केले. मात्र दुपदरी भागात ३०० जणांचीच मर्यादा घातली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला.

रुग्णवाहिकेस वाट मिळालीच पाहिजे. परंतु तासभराच्या गैरसोयीस अन्याय म्हणण्यापूर्वी, रस्त्यावर उतरलेल्यांची वाट किती पिढ्या अडली होती, हे आपण विचारावे.