संततिनियमन : निर्णय तिचाच

10 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या दिवशी अनुपस्थित असल्याने पी. जे. रोहम यांनी तो मांडला. 52 विरुद्ध 11 मतांनी तो फेटाळला गेला.

मार्च 2024 पासून अमेरिकेत ‘ओपिल’ ही गर्भनिरोधक गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना औषधांच्या दुकानांत मिळू लागली. पतीच्या व्हिसावर स्टेट कॉलेजसारख्या विद्यापीठाच्या गावी आलेल्या, स्वतःची मिळकत वा मोटार नसलेल्या भगिनीला याचे मोल विशेष आहे.

वैद्यकीय व्यवसायातील अनुभवावरून सांगावेसे वाटते : ही गोळी रोज ठरल्या वेळीच घ्यावी. तीन तासांहून अधिक उशीर झाल्यास ती लगेच घ्यावी व पुढील 48 तास निरोधसारखे साधनही वापरावे. स्तनाचा कर्करोग असलेल्या वा पूर्वी झालेल्या स्त्रीने ती घेऊ नये. शंका आल्यास फार्मासिस्टला निःसंकोच विचारावे.

बंधूंनो, चिठ्ठीची अट गेली. घरातील परवानगीची अट मात्र आपणच घातलेली आहे. ती आपणच काढून घेतली पाहिजे.

जय भीम!