कुणकेश्वरची पुळण

कोल्हापूर-सांगलीकडून पहाटे निघालेले कुटुंब फोंडाघाट उतरून नांदगाव तिठ्यावर देवगडची वाट धरते आणि दुपारच्या जेवणाच्या सुमारास कुणकेश्वरला पोहोचते. पूर्वी देवगडहून तेथे जायचे तर खाडीला मोठा वळसा पडे. तारामुंबरी आणि मिठमुंबरी यांना जोडणारा पूल झाला आणि तो वळसा संपला. गावाला त्याचा आनंद झाला नसता तरच नवल. पण पूल काही माणसे निवडून आणत नाही.

समुद्राच्या काठावर उभे असलेले हे शिवमंदिर ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. त्याच्याविषयीची दंतकथा व्यापाऱ्यांच्या घरात सांगण्याजोगी आहे. वादळात सापडलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिव्याचा उजेड दिसला. ‘वाचलो तर देवाचे मंदिर बांधीन’ असे तो बोलला आणि तरल्यावर त्याने बोललेले पाळले. तो परधर्मीय होता, तरीही गावाने ही आठवण आदराने जपली आहे. महाशिवरात्रीला येथे प्रचंड यात्रा भरते. गावोगावच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानासाठी समुद्रावर येतात. त्या गर्दीलाही धूळ-कचरा असतोच, परंतु तिला येण्याचे कारण असते, रीत असते, आणि परतण्याची वेळही ठरलेली असते. मे महिन्यात आणि डिसेंबरअखेर जी गर्दी उतरते तिला यांपैकी काहीच नसते.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यामागची गरज खरी होती. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर आली. घरे कुलूपबंद करून माणसे मुंबईला जात राहिली. अशा गावात राहत्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन मुलाला गावातच ठेवता आले, तर त्या आईवडिलांना दोष कोण देणार? म्हणून ‘पर्यटन नको’ असे शहरात बसून म्हणणे सोपे असले तरी न्यायाचे नाही.

मात्र या वाटेचे पुढचे मुक्काम दिसू लागले आहेत. कुणकेश्वरच्या दक्षिणेला मालवण-तारकर्ली. तेथील समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, कारण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहे. प्रवाळ हा दगड नव्हे, जीव आहे. अतिशय मंद वाढतो आणि नांगर पडला वा पाय ठेवला की मोडतो. त्यावर उभे राहून छायाचित्र काढले जाते. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटे टाकली जातात, आणि टाकणाऱ्याला त्यात भूतदया केल्याचे समाधानही मिळते! २४ मे २०२२ रोजी याच तारकर्लीत समुद्रातून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. आणखी दक्षिणेला गोवा: सुमारे १५ लाख वस्तीच्या त्या राज्यात २०२४ या एका वर्षात कोटीहून अधिक पर्यटक आले.

कुणकेश्वर अजून तेथवर गेलेले नाही. पुळण रुंद आहे आणि पहाटे तीवर खेकड्यांची नक्षी दिसते. पण चारचाकी थेट वाळूवर नेण्याची हौस कोकणच्या किनाऱ्याकिनाऱ्याने पसरते आहे आणि भरतीत अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या दर सुट्टीत येतात. बातमी गाडीची होते. चाकाखालच्या बिळांची होत नाही. पाण्याचे दुखणे याहून गंभीर. कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात आणि नेमकी तेव्हाच आंब्याच्या निमित्ताने पाहुण्यांची रीघ लागते. पाहुण्याच्या खोलीत दोन वेळा शॉवर चालतो, तेव्हा घरमालकीण कळशी घेऊन पाण्याच्या खेपा घालत असते. व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागू नये: येथे व्याज खाल्ले जात नाही, मुद्दल खाल्ले जात आहे.

जैन समाजाला तर हा प्रश्न परका नाहीच. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेल्या सम्मेद शिखरजीला पर्यटनाचे रूप येऊ नये म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये शहरोशहरी मूकमोर्चे निघाले, व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. पारसनाथ डोंगराबाबतच्या २०१९ च्या अधिसूचनेतील पर्यटनविषयक तरतुदींना केंद्र शासनाने ५ जानेवारी २०२३ रोजी स्थगिती दिली. सहलीला आलेला माणूस आणि यात्रेला आलेला माणूस एकाच पायरीवर पाय ठेवतो, पण तो पाय सारखा नसतो, हे तेव्हा समाजाने देशाला समजावले. त्याच डोंगराला संथाळ बांधव ‘मरांग बुरू’ म्हणून पूजतात, याचीही तेव्हा अनेकांना नव्याने ओळख झाली. मग तोच समाज सुट्टीत कुणकेश्वरला उतरतो तेव्हा तो कोणत्या पायाने उतरतो?

दृश्य ओळखीचे आहे. चौविहाराचा नियम काटेकोर पाळणारे कुटुंब सूर्यास्तापूर्वी पुळणीवर जेवायला बसते. पुरी-भाजी, दशम्या, घरचे लोणचे; कांदा-लसणाचा स्पर्श नाही. पाणी गाळलेले आणि तेही घरून आणलेले. जेवण उरकते, सूर्य बुडतो, सर्वजण हात जोडतात आणि उठतात. मागे थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले वाऱ्याबरोबर पाण्याकडे सरकत राहतात. ताटातल्या जीवांची एवढी काळजी घेणाऱ्यांचे लक्ष ताटलीकडे जात नाही, याचे उत्तर अज्ञान असे देता येणार नाही.

कारण शास्त्राने ते आधीच सांगून ठेवले आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार येतात, त्यांतील ‘प्रमादचर्या’ म्हणजे निष्प्रयोजन जमीन उकरणे, पाणी उधळणे, अग्नी पेटवणे, झाडे तोडणे. आणि त्याच यादीत निष्कारण हिंडणे व इतरांना हिंडवणे हेही आहे. किनाऱ्यावरची शेकोटी, वाळूवरची गाडी, रात्री उशिरापर्यंतचे दिवे, यांपैकी एकही गोष्ट कोणाची गरज भागवीत नाही. दिशांची मर्यादा घालणारे दिग्व्रत तर आज केवळ पाठांतरात उरले आहे. पावसात जमीन जीवांनी भरते म्हणून साधू चार महिने एका जागी थांबतात, आणि श्रावकांच्या ‘मान्सून ट्रिप’चे फलक त्याच चार महिन्यांत लागतात.

काही घरांनी मात्र बदल सुरू केला आहे. मे टाळून पावसाळा सरल्यावर जायचे, हॉटेलाऐवजी गावातल्या घरी उतरायचे, स्टीलची ताटे गाडीत ठेवायची आणि कचरा आपल्या गावी परत न्यायचा. यात अवघड ते शेवटचेच. मुले नाक मुरडतात. याउलट किनाऱ्यालगत जमिनी घेऊन रिसॉर्ट बांधण्याचे बेतही घाटावरच्या व्यापारी बैठकींत ऐकू येतात. त्या बेतांत खोल्या किती हे पहिल्या ओळीत असते; विहिरीला पाणी किती, हे बहुधा कोणी विचारत नाही.

येत्या डिसेंबरातही तारामुंबरीच्या पुलावरून एमएच ०९, एमएच १० आणि केए २२ च्या गाड्या ओळीने उतरतील. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात त्या याच हिवाळ्याच्या रात्रींत. मादी भरतीच्या रेषेच्या वर वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वाळू पुन्हा सारखी करते आणि उजाडण्याआधी समुद्रात निघून जाते. सकाळी गाडी घेऊन पुळणीवर येणाऱ्याला तेथे काहीच दिसत नाही.