खत शेतात, कावीळ नळात

मार्च सरत आला की पंचगंगेची तब्येत ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यावर जलपर्णी पसरते, पाण्याला काळपट हिरवी झाक येते आणि एखाद्या पहाटे रुई किंवा तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेले मासे तरंगताना दिसतात. मग ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. पंचनामा होतो, बाटल्यांत पाण्याचे नमुने भरले जातात, कारखाने नगरपालिकांकडे बोट दाखवतात आणि नगरपालिका कारखान्यांकडे. काठाला लागून असलेल्या उसाकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. निवडणूक लढवायची असेल तर ते परवडणारेही नाही.

दोष कोणाचा किती टक्के, हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. शहरांचे सांडपाणी आणि शेतातले खत एकाच पाण्यात उतरल्यावर दोघे मिळून काय करतात?

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीला पंचगंगा सुरू होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. अंतर जेमतेम ८० किलोमीटर. तेवढ्यात कोल्हापूर आणि इचलकरंजी ही दोन शहरे, साखर कारखाने, कापड प्रक्रियेचे उद्योग, गटार थेट ओढ्यात सोडणारी कित्येक गावे आणि थेट पाण्यापर्यंत गेलेला ऊस. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे घातले जातात आणि नदीची तळ्यांची माळ होते. शेतीला त्याचा मोठा आधार आहे, पण वाहते पाणी स्वतःला जितके शुद्ध करते तितके थांबलेले पाणी करू शकत नाही.

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र आणि १७० किलो स्फुरद अशी शिफारस आहे. एकरी हिशेब केला तर नुसत्या युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास आठ गोण्या. ही लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, त्यामुळे खताचे सुरुवातीचे हप्ते पावसातच पडतात. पाटाने पाणी दिलेल्या रानात टाकलेल्या नत्राचा निम्म्याहून अधिक भाग उसाला मिळतच नाही. काही हवेत जातो, काही झिरपून विहिरीत उतरतो, काही ओघळीने नदी गाठतो. स्फुरद मातीला चिकटून गाळाबरोबर येते आणि बंधाऱ्यामागे तळाशी बसते. उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला की तेच पुन्हा पाण्यात सुटते. पावसाळ्यात वाहून आलेल्या खतावर एप्रिलमध्ये शेवाळ पोसले जाते, ते असे. सांडपाण्यातही नत्र आणि स्फुरद असतेच, त्याची भर वेगळी.

शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तो वापरते. म्हणून मासे पहाटे मरतात. माशांचे फोटो छापून येतात, पण माणसांचे नुकसान पुढच्या टप्प्यावर होते, जलशुद्धीकरण केंद्रात किंवा गावाच्या पाण्याच्या टाकीवर.

क्लोरीन जंतू मारतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण जंतूंकडे वळण्याआधी तो पाण्यातल्या इतर गोष्टींत खर्ची पडतो, हे विसरले जाते. कुजलेले शेवाळ, जलपर्णीचे अवशेष, गटारातला मळ, अमोनिया हे सारे क्लोरीन खातात. जानेवारीत जी मात्रा पुरेशी होती, ती मे महिन्यात या खाणाऱ्यांनाच पुरत नाही. विषाणू युरियाच्या गोणीतून येत नाही, तो माणसाच्या विष्ठेतूनच येतो, यात शंका नको. पण त्याला अडवायला ठेवलेला पहारेकरी दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो, आणि त्या कामात खताचा हात आहे.

गावोगावी टीसीएल पावडर टाकणारा कर्मचारी बहुधा तीच मापे बारा महिने टाकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला तेवढेच शिकवलेले असते. पावडरीचे पोते उघडे राहिले तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो, हेही त्याला फारसे कोणी सांगितलेले नसते. नंतर होते ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की वहीत ‘ओटी पॉझिटिव्ह’ लिहायचे. यात एक बारीक मेख आहे. लगेच, दहा सेकंदांच्या आत येणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा असतो. काही मिनिटांनी गडद होणाऱ्या रंगात अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीनही मिसळलेला असतो, आणि विषाणूंविरुद्ध तो फारच दुबळा असतो. रंग केव्हा आला हे न लिहिता नुसता आला एवढेच लिहिले, तर दूषित पाणीही वहीत सुरक्षित ठरते. नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा हा नियम आहे, पण नियमातल्या ‘मोकळा’ या शब्दाकडे कोण पाहतो?

नुसत्या जंतूंच्या अहवालावर विसंबणे किती महाग पडते, हे देशाने फार पूर्वी पाहिले आहे. १९५५ च्या पुरानंतर दिल्लीत यमुनेच्या पात्रात बदल झाला आणि नजफगडच्या नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या उपशापर्यंत पोहोचले. केंद्रातल्या लोकांनी क्लोरीन वाढवला. विषमज्वराची साथ आली नाही, कारण जिवाणू मेले. पण डिसेंबर ते जानेवारी या काळात २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीतून बऱ्याच वर्षांनी कळले की तो हिपॅटायटिस ई होता. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीने २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ सोसली. हजारो माणसे आजारी पडली, काहींचे जीव गेले.

हिपॅटायटिस ई बहुतेकांना महिना-दीड महिना अंथरुणाला खिळवतो आणि सोडून देतो. गर्भवतीचे तसे नाही. शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. लेबर रूममध्ये डोळे पिवळे झालेली बाई आली की ड्यूटीवरच्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. रक्त गोठण्याची तपासणी लांबलेली दिसली तर पुढचे दोन दिवस कोणालाच घरी जावेसे वाटत नाही. तिने प्यालेले पाणी महिनाभरापूर्वीचे असते. लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. साथ लक्षात आल्यावर घेतलेला पाण्याचा नमुना म्हणूनच बरेचदा ‘पिण्यायोग्य’ येतो. ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. चौकशी समितीला कागदावर गुन्हेगार सापडत नाही आणि फाईल बंद होते.

विहिरींची गोष्ट थोडी निराळी. उसाच्या पट्ट्यातल्या विहिरी आणि बोअरमध्ये नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढे जाऊ शकते. पाणी उकळल्याने जंतू आणि काविळीचा विषाणू मरतो, नायट्रेट मात्र जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेली दूध पावडर दिली तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊन बाळ निळे पडू शकते. आईचे दूध पाजणे हा त्यावरचा सोपा आणि फुकटचा इलाज.

शेतकऱ्याला यात खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. युरियाची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळत असताना हात आखडण्याचे त्याला कारण काय? माती परीक्षण करून, खत जास्त हप्त्यांत विभागून, ठिबकमधून दिले तर उत्पादन न घटवता नत्र वाचते. पाचट न जाळता रानातच कुजवले तर मातीही वाहून जात नाही. काठालगतची पाच-दहा मीटरची पट्टी नांगराविना सोडून तिथे वाळा किंवा गवत लावले, तर गाळाबरोबर जाणारे स्फुरद बरेचसे तिथेच अडते. पण त्या पट्टीतल्या उसाचे पैसे कोण देणार? ते शासनानेच द्यायला हवेत. युरियावर सवलत देणाऱ्या सरकारला नदीकाठच्या चार सऱ्यांची भरपाई जड जाऊ नये.

सांडपाण्याबद्दल तेवढी सहनशीलता दाखवायचे कारण नाही. प्रक्रिया न केलेला मैला पिण्याच्या पाण्यात सोडणे हा हलगर्जीपणा आहे, मग तो शहराचा असो की दोन हजार वस्तीच्या गावाचा.

आणि हे सगळे होईपर्यंत एक काम लगेच होऊ शकते. सहा पांढऱ्या कपांचे हॉरॉक्सचे उपकरण एमबीबीएसचा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेपुरते हाताळतो आणि विसरतो. पाण्याला आज नेमका किती क्लोरीन लागेल, हे ते अर्ध्या तासात सांगते. मार्च ते जून या काळात नदीचे पाणी उचलणाऱ्या प्रत्येक योजनेवर आठवड्यातून एकदा ही चाचणी झाली, त्यानुसार पावडरीची मात्रा बदलली आणि ओटीच्या वहीत रंग किती सेकंदांत आला याचा एक रकाना वाढवला, तर त्याला कुठल्याही मंत्र्याच्या मंजुरीची गरज नाही. ती वही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या काविळीच्या नोंदीशेजारी ठेवून वाचली गेली पाहिजे. आज या दोन वह्या दोन कार्यालयांत असतात.

शहरांनी मात्र दुसरी वाट धरली आहे. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने कोल्हापुरात आले. इचलकरंजीने आधी कृष्णा गाठली, मग वारणेकडे पाहिले, नंतर दूधगंगेकडे, आणि दोन्ही नद्यांच्या काठच्या गावांनी विरोध केला. ज्याला परवडते तो नदी सोडून वरच्या अंगाला जातो. शिरोळ तालुक्यातल्या, बंधाऱ्याखालच्या गावांना वरचे अंग नाही. त्यांच्या नळाला मे महिन्यातही पंचगंगाच येते.