‘आधी उपचार, मग संशोधन’ : एका भ्रामक युक्तिवादाचा समाचार

होसकोटे हे गाव एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते. मराठी वाचकाला त्याची ओळख बहुधा एवढीच असते. आज बंगळुरूच्या पूर्वेकडील या उंबरठ्यावर मालमोटारींचा कारखाना, गोदामे आणि कंत्राटी कामगारांची बिऱ्हाडे आहेत. यांपैकी कोणाच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, तर बापाला शहर ओलांडून किदवाई संस्थेचे सरकारी रुग्णालय गाठावे लागते. येथील एका बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ साथीने ठामपणे सांगितले की संशोधन ही श्रीमंत राष्ट्रांची चैन आहे. आपल्या मुलांना आधी खाटा आणि औषधे मिळोत, संशोधनाचे मागाहून पाहू. हे मत प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

वस्तुस्थिती काय सांगते? ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी लिंफोब्लास्टिक ल्यूकेमिया झालेल्या मुलांपैकी आपल्या मोठ्या केंद्रांतसुद्धा जेमतेम एक पंचमांश वाचत. त्या दशकाच्या मध्यास मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, मद्रासची अड्यार येथील कर्करोग संस्था आणि दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थान यांनी अमेरिकेच्या सरकारी कर्करोग संस्थेतील डॉ. इयन मॅग्राथ यांच्या साहाय्याने ‘एमसीपी-841’ ही एकसमान उपचारपद्धती स्वीकारली. तीतील औषधे बहुतांशी जुनी आणि ज्ञात होती. नवा होता तो त्यांचा क्रम, त्यांच्या मात्रा, आणि तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकत्र मांडून दोष शोधण्याचा शिस्तबद्ध परिपाठ. वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. हे संशोधन नव्हते, तर काय होते? खाटा त्याही आधी होत्याच. त्या खाटांवर मुले मरत होती.

एकेका रुग्णालयाने हे काम एकट्याने करणे शक्यच नाही. बालवयातील कर्करोगाचे प्रकार अनेक, आणि प्रत्येक प्रकाराचे रुग्ण थोडे. दहा ठिकाणच्या नोंदी एकत्र आल्यावाचून कोणता उपचार सरस, हे ठरत नाही. मुंबई, दिल्ली, चंदीगड, चेन्नई आणि कोलकाता येथील केंद्रांनी 2016 साली ‘आयसायकल’ गटाची सामाईक चाचणी सुरू केली, ती याच निकडीतून.

रुग्णांची हीच अल्प संख्या भांडवलाला मात्र नकोशी वाटते. जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुले आणि किशोर कर्करोगग्रस्त होतात, परंतु औषध कंपनीच्या हिशेबात ही ‘बाजारपेठ’ नव्हे. आमच्या राज्यकर्त्यांचा हिशेबही फारसा वेगळा नाही. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ झाल्याचा मोठा गाजावाजा झाला. ती तिन्ही औषधे मुख्यतः प्रौढांच्या कर्करोगांवरची होती. 2023 साली राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत 50,000 कोटींची घोषणा झाली खरी, पण त्यांतील सुमारे 36,000 कोटी सरकारी तिजोरीबाहेरून, उद्योगपती आणि देणगीदार यांच्याकडून यायचे होते. नफा न देणाऱ्या रोगासाठी नफेखोराने पैसा द्यावा, अशी ही योजना!

आणि जेथे जनतेचा पैसा लागतो, तेथे तरी फळ कोणाच्या पदरी पडते? पवई येथील आयआयटी आणि टाटा स्मारक यांनी सार्वजनिक अनुदानाच्या आधारे सीएआर-टी पेशींचा उपचार सिद्ध केला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला परवानगी मिळाली, तीही 15 वर्षांपुढील रुग्णांसाठी. परदेशी दराच्या मानाने तो पुष्कळ स्वस्त आहे, हे मान्य केलेच पाहिजे. त्या शास्त्रज्ञांचे श्रेय आम्ही मुळीच हिरावून घेत नाही. पण खाजगी कंपनीमार्फत विकला जाणारा, सुमारे 40 लाख रुपयांचा हा उपचार होसकोट्याच्या गोदामातील हमालाला स्वस्त म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा आहे. अनुदान देतानाच किंमत आणि हक्क यांची अट का घातली जात नाही?

दुसरा मार्ग नाहीच असेही नाही, आणि त्याचा पुरावा बंगळुरूतच आहे. हव्हानाच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झालेले निमोटुझुमॅब हे प्रतिपिंड 2006 साली येथील बायोकॉन कंपनीने भारतात आणले. अमेरिकेची नाकेबंदी सोसणाऱ्या छोट्या क्यूबाने ते निर्माण केले, आणि मुलांच्या मेंदूतील ग्लायोमावरही त्याचा अभ्यास झाला. (ते विकण्याचा नफा मात्र आमच्याकडे खाजगीच राहिला.)

आता त्या ज्येष्ठ साथीच्या आक्षेपाकडे पुन्हा वळू. ल्यूकेमियाचा उपचार दोन वर्षांहून अधिक चालतो. मजुरी बुडते, भाडे परवडत नाही, आणि बाप मुलाला घेऊन मध्येच घरी परततो. ते मूल उपचाराला मुकते, आणि त्याची नोंदही अर्धवट राहते. म्हणजे मध्येच सुटलेले प्रत्येक मूल उपचाराचीही हानी आहे आणि संशोधनाचीही. तेव्हा अनेक केंद्रांच्या सामाईक चाचण्यांना केंद्र सरकारने थेट आणि कायम अनुदान द्यावे, आणि त्याच अनुदानात आईबापांचा बुडालेला रोज, निवासाची खोली आणि होसकोट्याहून किदवाईपर्यंतच्या बसचे भाडे, या तिन्ही बाबी खर्चाच्या मंजूर शीर्षाखाली लिहून ठेवाव्यात.