कोंबडीची पावती नाही

पावसाळ्याच्या तोंडाशी घरातला दाणा संपतो, तेव्हा आपल्याला कोण तारतं? खुराड्यातली कोंबडी नि दारातली शेळी. एक बोकड विकला की बी येतं, सावकाराची पायरी चढावी लागत नाही.

आणि हीच कोंबडी आपण गार्डच्या हातात देतो. प्लॉटवर नांगर धरला की तो येतो, आधी अंगणात नजर फिरवतो. आपण म्हणतो, जाऊ दे, केस तर टळली. पण आधीपासून प्लॉट कसतो याला पुरावा काय, असं विचारतात तेव्हा दंडाची जुनी पावती कामाला येते. कोंबडीची पावती कोण देतो?

गावठी कोंबडी १२-१५ अंड्यांवर बसते, २१ दिवसांनी पिल्लं निघतात. घार नि मुंगूस त्यातली नेणारच, त्यांच्यावर मोर्चा काढता येत नाही. मानमोडी मात्र अडवता येते. उन्हाळ्याआधी गुरांच्या दवाखान्यात जाऊन लस मागा. सगळ्या पाड्याच्या कोंबड्या एकाच सकाळी टोचून घ्या, फोडलेली बाटली दुसऱ्या दिवशी चालत नाही.

गार्ड आला तर एकट्याने बोलू नका, पाडा गोळा करा. दंड करायचा तर पावती फाड म्हणावं.