ताळा न केलेलं गणित

परवा पुतण्या घरी आला होता. भोसरीला त्याचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. आता ४० लाखांचा रोबो घ्यायचा म्हणतो, कर्ज काढून. "काका, चार वेल्डर कमी होतील. वर्षाला ९ लाख ६० हजार पगार वाचेल. सव्वाचार वर्षांत पैसे वसूल!" विकणाऱ्याने तसा छापील तक्ताच दिला होता.

माझा जन्म पोरांच्या वह्या तपासण्यात गेला. उत्तराआधी रीत बघायची सवय! म्हटलं, बस, ताळा करू. १२ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज ४ लाख ८० हजार. रोबो चालवायला शिकलेला माणूस हवा, महिना ३० हजार, म्हणजे ३ लाख ६० हजार. उरले १ लाख २० हजार! त्यातूनच दुरुस्ती, सुटे भाग आणि नव्या जॉबसाठी नवं फिक्स्चर. ऑर्डरी आटल्या तरी हप्ता थांबत नाही. ही वजाबाकी तक्त्यात कुठेच नव्हती.

मी यंत्रांच्या विरुद्ध नाही हो. उलट, तक्त्यात रोबोचे खरे गुणही नव्हते. हजार जॉब एकसारखे, रिजेक्शन कमी, माणसाच्या छातीत धूर कमी. त्याचे पैसे मांडा ना! पण त्यासाठी आज किती माल परत येतो याची नोंद हवी. ती नाहीच. पगार तेवढा खुपतो, कारण तो दर महिन्याला हाताने मोजून द्यावा लागतो.

मोठमोठ्यांचंही हे चुकलंय. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला. १९८४ मध्ये तो टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला. कामगार बरेचसे तेच, कामाची पद्धत नवी, आणि तोच कारखाना गुणवत्तेसाठी नावाजला गेला! २०१० मध्ये ती जागा टेस्लाने घेतली. मोटारी बनवण्यात अति स्वयंचलन ही चूक झाली, माणसाला कमी लेखलं, अशी कबुली २०१८ साली खुद्द एलॉन मस्क यांनी दिली. त्यांना चूक परवडली. घर गहाण ठेवणाऱ्याला परवडेल का, तुम्हीच सांगा.

पुतण्याला म्हटलं, सहा महिने परत आलेल्या मालाची वही ठेव. ताळा जुळला तर रोबोला हार मी घालीन. तोवर त्या चौघांच्या पोटावर पाय देऊ नकोस.

चहा अर्धा टाकून गेला. असो. कोरी वही मात्र घेऊन गेलाय.